दुसऱ्या करारापर्यंतचा रस्ता: हायस्कूल कॉर्नरबॅकच्या पालकांना उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दहावीत आहे, डॅलसजवळच्या शाळेच्या व्हार्सिटी (मुख्य) संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो, कॉर्नरबॅक म्हणून, म्हणजे समोरच्या संघाच्या पास झेलणाऱ्याला (रिसिव्हरला) रोखणारा. कोच म्हणतात पोरात दम आहे, पोरगा एनएफएलशिवाय (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगशिवाय) दुसरं बोलत नाही, आणि सांगलीहून आजोबा दर फोनला विचारतात की हे खेळून पुढे काय. डिफेन्समध्ये खेळणाऱ्याचं करिअर किती वर्षांचं असतं, त्यात पैसा किती आणि धोका किती, हे तुम्हाला हवंय.

मी ह्यूस्टनकडे एका सरकारी हायस्कूलमध्ये अल्जेब्रा शिकवतो आणि शेवटच्या तासानंतर सेकंडरीला, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) खेळणाऱ्या मुलांना, कोचिंग करतो. टेक्सासात कोच म्हणजे बहुतेक वेळा शिक्षकच असतो. माझ्या हाताखालून गेलेली काही मुलं कॉलेजात खेळली. एकजण एनएफएलच्या कॅम्पपर्यंत पोचला आणि ऑगस्टअखेर घरी परतला. मी जे सांगतोय ते मुलांच्या बाजूने पाहिलेलं आहे, एजंटच्या किंवा टीव्हीच्या बाजूने नाही.

आधी आकडे उरकतो. अमेरिकेत सुमारे १० लाख मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात. त्यांतली साधारण ७ टक्के कॉलेजात खेळतात, तेही सगळे डिव्हिजन (कॉलेज खेळाचे स्तर) धरून. कॉलेजात ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल संघांनी आळीपाळीने खेळाडू उचलण्याच्या वार्षिक निवडीला, पात्र ठरणाऱ्यांपैकी एनएफएलचे संघ जेमतेम दीड टक्का उचलतात. म्हणजे ‘जाईल का?’ याचं उत्तर ‘बहुधा नाही’ असंच आहे. पण ते प्रत्येक मुलाला लागू पडतं, म्हणून तुमच्या फारसं कामाचं नाही. तुमचा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. हा रस्ता १६ व्या वर्षापासून साधारण २६ व्या वर्षापर्यंतचा आहे, मध्ये चार-पाच ठिकाणी तो एका दिवसात संपू शकतो, आणि संपेल त्या दिवशी मुलाच्या हातात काय असेल?

२६ का, तर एनएफएलमधला पहिला करार हे माझ्या मते अजून करिअर नव्हे. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. ड्राफ्ट झालेल्याचा पहिला करार ४ वर्षांचा असतो आणि त्याची रक्कम कितव्या नंबरला निवड झाली यावर जवळजवळ ठरलेलीच असते. पहिल्या फेरीतल्यांच्या बाबतीत पाचवं वर्ष वाढवण्याचा हक्कही संघाकडे असतो. खेळाडूला बाजारात स्वतःची किंमत मागता येते ती त्यानंतर. डिफेन्सच्या खेळाडूचं आयुष्य बदलतं ते या दुसऱ्या कराराने, आणि बहुतेकजण तिथवर टिकतच नाहीत. खेळाडूंची संघटना सरासरी करिअर ३.३ वर्षांचं सांगते. लीगचं म्हणणं असतं की पहिल्याच मोसमात मुख्य संघात जागा मिळवणारे सहाएक वर्षं टिकतात. भांडण फक्त मोजायचं कोणाला याचं आहे. येऊन-जाऊन असणाऱ्यांना धरलं की सरासरी खाली येते. तुमचा मुलगा यातल्या कोणत्या गटात पडेल हे आज कोणीही सांगू शकत नाही.

एका कॉर्नरचा पूर्ण प्रवास सांगतो, कारण त्यात सगळे टप्पे दिसतात. माल्कम बटलर मिसिसिपीतल्या विक्सबर्गचा. ज्युनिअर कॉलेजच्या संघातून त्याला काढलं गेलं, मग तो पोपायजमध्ये तळलेलं चिकन विकत होता. परत ज्युनिअर कॉलेज, तिथून वेस्ट अलाबामा, म्हणजे डिव्हिजन २. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये सातही फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी नवख्यांच्या कॅम्पमध्ये चाचणीला बोलावलं आणि ठेवून घेतलं. पगार किमान, म्हणजे त्या वर्षी ४,२०,००० डॉलर.

१ फेब्रुवारी २०१५ ला सुपर बोल (एनएफएलचा अंतिम सामना) होता, सिअॅटल सीहॉक्सविरुद्ध. पेट्रियट्स २८–२४ पुढे, सिअॅटल टचडाउनपासून (बॉल रेषेपार नेऊन मिळणाऱ्या गुणांपासून) एक यार्डावर, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. रसेल विल्सनने आतल्या बाजूला पास टाकला आणि बटलरने रिसिव्हरच्या पुढे घुसून तो पकडला. हे सगळ्यांना माहीत आहे. मी माझ्या मुलांना त्याच्या आधीचं दाखवतो. दोनच चाली आधी त्याच बटलरने कव्हर केलेल्या जर्मेन कर्सने पाठीवर पडलेल्या अवस्थेत, पायाला-हाताला लागून उडालेला बॉल पकडला होता. बटलरने उठून त्याला बाहेर ढकललं म्हणूनच तेव्हा टचडाउन झाला नाही. आणि ज्या चालीवर त्याने बॉल पकडला, त्याच चालीवर त्या आठवड्याच्या सरावात त्याच्यावर टचडाउन झाला होता. कॉर्नरला दहा मिनिटांपूर्वीची नामुष्की विसरावी लागते आणि चार दिवसांपूर्वीची चूक मात्र लक्षात ठेवावी लागते. १६ वर्षांच्या मुलात मी वेगाच्या खालोखाल हेच बघतो.

आता पुढचं, जे टीव्हीवर येत नाही. बटलर दोन मोसम पक्का स्टार्टर झाला. २०१७ च्या मार्चमध्ये त्याच संघाने बाहेरून स्टीफन गिलमोर हा कॉर्नर ५ वर्षांच्या, ६.५ कोटी डॉलरच्या कराराने आणला. बटलरला त्या वर्षी ३९.१ लाख मिळाले. तीनच वर्षं झाल्यामुळे तो अजून पूर्ण मोकळा नव्हता. नियमच तसा आहे. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये त्याला डिफेन्समध्ये एक स्नॅपही (एक चालही) खेळवलं नाही. पेट्रियट्स ४१–३३ हरले. महिनाभराने टेनेसी टायटन्सनी त्याला ५ वर्षांसाठी ६.१ कोटींचा करार दिला. हा त्याचा दुसरा करार, वय २८. त्यातले तीन मोसम झाल्यावर मार्च २०२१ मध्ये त्याला सोडून दिलं. नंतर अॅरिझोनाशी करार झाला पण मोसमाआधीच तो थांबला. २०२२ मध्ये परत न्यू इंग्लंडला आला, जखमी झाला, ऑगस्टमध्ये सुटला. एकूण सात मोसम. सरासरीच्या दुप्पट, आणि तरीही तिशीच्या उंबरठ्यावर सगळं आटोपलं. हे *यशस्वी* करिअर आहे हे ध्यानात घ्या.

डिफेन्समध्ये असं का होतं? आक्रमण करणाऱ्याला बॉल कधी सुटणार आणि आपण कुठे पळणार हे माहीत असतं. डिफेन्सवाला बघून हलतो. कॉर्नर तर उलटा पळत सुरुवात करतो. त्यामुळे पायातला एक दशांश सेकंद गेला की तो लगेच दिसतो. शिवाय १९७८ पासून पाच यार्डांपुढे रिसिव्हरला हात लावायची सोय गेली, आणि नंतरचे जवळजवळ सगळे मोठे नियम पास टाकणाऱ्याच्या बाजूने झाले. याचा फायदाही आहे. पास वाढले म्हणून आता बहुतेक संघ निम्म्याहून जास्त स्नॅप पाच किंवा सहा डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नर आणि सेफ्टी) घेऊन खेळतात, आणि आतल्या बाजूचा निकेल कॉर्नर ही स्टार्टरची जागा झाली. जुन्या पद्धतीच्या तिसऱ्या लाइनबॅकरचं (पुढच्या फळीमागे उभं राहणाऱ्याचं) काम त्यामुळे गेलं. तुमचा मुलगा बऱ्या जागी खेळतोय.

दुसरं कारण कोचिंगचं. डिफेन्सचा खेळाडू एखाद्या पद्धतीत बसतो किंवा बसत नाही. डॅरेल रेव्हिस हा त्याच्या काळातला सर्वांत भारी मॅन कॉर्नर, समोरच्या संघाचा मुख्य रिसिव्हर एकट्याने गायब करणारा. टॅम्पा बेने २०१३ मध्ये त्याला ६ वर्षं, ९.६ कोटी डॉलरचा करार दिला. मथळे मोठे झाले. पण त्यात गॅरंटी म्हणून लिहिलेली रक्कम शून्य होती. एका मोसमानंतर कोच बदलला, नवा कोच झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायची पद्धत, खेळवणारा होता, आणि रेव्हिसला सोडून दिलं. त्याचं काही बिघडलं नाही, पुढच्याच मोसमात पेट्रियट्सकडून सुपर बोल जिंकला आणि नंतर हॉल ऑफ फेममध्येही गेला. पण रेव्हिस नसलेल्याचं काय होतं? म्हणून एनएफएलच्या कराराची बातमी वाचताना मी एकूण आकडा सोडून गॅरंटीचा आकडा शोधतो. तुम्हीही तीच सवय लावा.

टिकणारे कसे टिकतात याबद्दल माझं ठाम मत आहे: दुसरं काम येणारे टिकतात. कॅम्पमध्ये प्रत्येक संघाकडे ९० जण असतात, मोसम सुरू होताना ५३ राहतात. ३२ संघांचा हिशेब केला तर ऑगस्टअखेर हजाराहून अधिक पोरं बाहेर पडतात. पाचवा कॉर्नर कोणाला ठेवायचा हे ठरवताना कोच बघतात की पंट आणि किकऑफवर, म्हणजे बॉल लाथेने दूर मारायच्या चालींवर, हा काय करतो, आणि सेफ्टीला दुखापत झाली तर हा तिथे उभा राहील का. चार्ल्स वुडसन कॉर्नर म्हणून आला आणि पुढे सेफ्टी झाला. १८ मोसम खेळला. लंडन फ्लेचर डिव्हिजन ३ च्या कॉलेजातून आला, उंची पाच फूट दहा, ड्राफ्ट नाही, आणि लाइनबॅकर म्हणून सलग २५६ सामने खेळला, एकही न चुकवता. रिचर्ड शर्मन तर स्टॅनफर्डमध्ये आधी रिसिव्हर होता, पाचव्या फेरीत गेला.

भारतीय रक्ताचं कोणी गेलंय का, हेही तुम्ही विचारलंय. ब्रँडन चिलर, वडील भारतीय. यूसीएलएमधून २००४ च्या चौथ्या फेरीत लाइनबॅकर म्हणून रॅम्सकडे, नंतर ग्रीन बे पॅकर्सकडे. डिसेंबर २००९ मध्ये करार वाढला आणि पुढच्याच मोसमात तो दुखापतींच्या यादीत गेला. संघ सुपर बोल जिंकला तेव्हा तो खेळत नव्हता. २०११ मध्ये करिअर संपलं. तोही सात मोसमांचाच. (नंतर भारतात एलिट फुटबॉल लीग निघाली त्यात त्याने पैसे घातले. त्या लीगमध्ये पुणे मराठाज नावाचा संघ होता, हे आजोबांना जरूर सांगा.)

पैशाचं. २०२५ मध्ये नवख्याचा किमान पगार ८,४०,००० डॉलर होता. हा पगार मोसमातल्या आठवड्यांनी मिळतो. ऑगस्टमध्ये काढलं तर त्यातलं काही मिळत नाही. सराव संघात ठेवलं तर २०२५ मध्ये आठवड्याला किमान १३,००० डॉलर. ऐकायला छान, पण ही रोजंदारी आहे, मंगळवारी सकाळी फोन आला की संपली. वरून फेडरल टॅक्स, ज्या ज्या राज्यात सामना खेळला तिथला टॅक्स, एजंटचे ३ टक्क्यांपर्यंत. पेन्शनचा हक्क आणि निवृत्तीनंतर पाच वर्षांचा आरोग्यविमा मिळायला तीन मान्य मोसम लागतात. तीन मोसमांची ही रेघ आणि संघटनेने सांगितलेली सरासरी शेजारी शेजारी ठेवून पाहा, म्हणजे तिसऱ्या वर्षीच्या ऑगस्टला पोरांना झोप का लागत नाही ते कळेल.

आता धोका, ज्याबद्दल घरात सगळ्यात कमी बोललं जातं. गुडघे, खांदे, अकिलिस हे सगळं होतं, आणि त्यातून बरेचजण परत येतात. मला काळजी डोक्याची. बोस्टन विद्यापीठाने तपासलेल्या माजी एनएफएल खेळाडूंच्या ३७६ मेंदूंपैकी ३४५ मध्ये सीटीई (डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा मेंदूचा आजार) सापडला, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. याचा अर्थ ९२ टक्के खेळाडूंना तो होतो असा नाही. लक्षणं दिसलेल्यांचेच मेंदू कुटुंबीय बहुधा दान करतात. पण एक गोष्ट आता बरीच स्पष्ट आहे: धोका वाढतो तो एकूण किती वर्षं आणि किती धक्के खाल्ले त्यावर, फक्त मोठ्या कन्कशनवर (मेंदूला बसलेल्या हादऱ्यावर) नाही. सॅन फ्रान्सिस्को ४९र्सचा लाइनबॅकर क्रिस बोरलंड एका चांगल्या मोसमानंतर, २४ व्या वर्षी, याच विचाराने थांबला आणि साइनिंग बोनसचा बराचसा भाग परत केला. त्या वेळी त्याला वेड्यात काढणारे खूप होते. मी त्यांतला नव्हतो.

डेमार हॅमलिनचं नाव तुम्ही घेतलंत. बफेलोचा सेफ्टी, २ जानेवारी २०२३ ला अगदी साध्या टॅकलनंतर त्याचं हृदय थांबलं. छातीवर नेमक्या क्षणी बसलेला फटका, हे कारण अतिशय दुर्मिळ. मैदानावर लगेच सीपीआर आणि शॉक मिळाला म्हणून वाचला, आणि त्याच वर्षी परत खेळला. यावरून मुलाला खेळातून काढू नका. मात्र शाळेच्या सरावाच्या मैदानापासून एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) किती अंतरावर आहे ते स्वतः चालून बघा. स्टेडियममधलं नव्हे, *सरावाच्या* मैदानापासून. आणखी एक: हॅमलिनच्या करारात जखमींच्या यादीत गेल्यास पगार कमी होण्याचं कलम होतं. उशिरा निवडल्या गेलेल्या मुलांच्या करारात ते बऱ्याचदा असतं. त्याला पूर्ण पैसे मिळाले ते संघाने आणि लीगने वेगळी सोय केली म्हणून.

काही गोष्टी पूर्णपणे तुमच्या परिस्थितीवर आहेत. पहिली व्हिसाची. मुलाचा जन्म अमेरिकेतला असेल तर हा परिच्छेद सोडा. तो एच-४ वर (पालकांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) असेल आणि ग्रीन कार्ड रांगेत अडकलं असेल, तर २१ व्या वर्षी त्याला स्वतःचा व्हिसा लागेल, बहुधा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा). कॉलेज खेळाडूंना २०२१ पासून स्वतःच्या नावा-चेहऱ्यावर पैसे कमावता येतात, पण एफ-१ वर अशी कमाई करणं फार जोखमीचं आहे. चुकलं तर व्हिसाच जातो. कॉलेजचे रिक्रूटर हे आपणहून सांगत नाहीत, बऱ्याचदा त्यांना ठाऊकच नसतं. ऑफर स्वीकारण्याआधी इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा. फॅमिली ग्रुपवर विचारू नका.

दुसरी गोष्ट वेगाची. तुम्ही लिहिलेली ४० यार्डांची वेळ हातातल्या घड्याळाची आहे, आणि हातातली घड्याळं कोचवर माया करतात. एनएफएलच्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) कॉर्नरला साडेचार सेकंदांच्या आत यावं लागतं, नाहीतर बाकी सगळं उत्तम असावं लागतं. मुलाला वसंतात ट्रॅकवर १०० आणि २०० मीटर पळवा. तिथली इलेक्ट्रॉनिक वेळ कॉलेजचे कोच मानतात, आणि त्या महिन्यांत डोक्याला धक्के बसत नाहीत हा वेगळा फायदा.

तिसरी, ऑफर म्हणजे काय. तुम्हाला आलेली ‘आमच्या कॅम्पला या’ ही पत्रं ऑफर नाहीत. बरेच कॅम्प फी घेऊन चालतात आणि अशी पत्रं ढिगाने जातात. ऑफर म्हणजे कॉलेजच्या कोचने फोनवर किंवा समोर बसून सांगितलेली स्कॉलरशिप, आणि पक्की होते ती लेखी आल्यावरच. प्रिफर्ड वॉक-ऑन म्हणजे जागा आहे, पैसे नाहीत. जे.जे. वॉट असाच विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला आणि पुढे तीनदा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला, पण ते उदाहरण सगळे देतात कारण तशी उदाहरणं थोडी आहेत. आयव्ही लीग आणि डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते. मात्र मार्क चांगले असलेल्या कॉर्नरला तिथले कोच प्रवेशाच्या वेळी मदत करू शकतात. आपल्या घरांतून येणाऱ्या मुलांसाठी मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, आणि तो पालकांनाच सुचत नाही, कारण एकतर एनएफएल नाहीतर इंजिनिअरिंग असं दोनच खणांत सगळं बसवलेलं असतं.

इथवरचं जमवलं तर माझा सल्ला असा: हायस्कूल पूर्ण खेळू द्या, कॉलेज निवडताना फुटबॉल उद्या बंद झाला तरी तिथे पदवी घ्यावीशी वाटेल का हे पाहा, आणि एनएफएलचा विचार कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाआधी करू नका. कन्कशनचा नियम मात्र आजच ठरवा. टेक्सासात २०११ पासून कायदा आहे की संशय आला की मुलगा त्या दिवशी बाहेर, आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. पण मुलं लक्षणं लपवतात, कॉर्नर तर हमखास, कारण मागे उभा असलेला पोरगा जागा घ्यायला टपलेला असतो. दुसरं कन्कशन झालं तर मोसम संपला, हे वाक्य घरात आधी बोलून ठेवा. झाल्यावर बोललात तर ती शिक्षा वाटते. अभ्यासाची चिंता राज्यानेच थोडी कमी केली आहे: एका विषयात ७० च्या खाली गेला की किमान ३ आठवडे सामना नाही, आणि त्याची भीती माझ्या रागापेक्षा जास्त चालते.

पुढच्या आठवड्यात त्याच्या पोझिशन कोचला भेटा. हेड कोच नको, त्याच्याकडे शंभर मुलं असतात. तीन गोष्टी विचारा: याला सेफ्टी खेळवून बघाल का, याला पंट कव्हरेजवर घ्याल का, आणि उघड्या मैदानात याचं टॅकलिंग कसं आहे. तिसऱ्याला उत्तर देताना कोच थबकले तर समजा की कॉलेजच्या कोचलाही तेच दिसेल. ऑफसीझनचं काम तिथून सुरू करायचं. आणि हडलवर (सामन्यांचे व्हिडिओ ठेवायच्या साइटवर) हायलाइट्सची रील बनवायला कोणाला पैसे देऊ नका. एखाद्या पूर्ण सामन्याची टेप कोचसोबत बसून बघायला सांगा, ज्यात त्याच्यावर टचडाउन झालेले स्नॅपही असतील.